लहानसहान सुखं हाताशी ठेवायची कशी?

मन उतरलं की बहुतेक जण कुठल्या तरी मोठ्या गोष्टीकडे डोळे लावून बसतात. सुट्टी लागली की बरं वाटेल, हातातलं काम संपलं की बरं वाटेल, घर बदललं की बरं वाटेल. सुट्टी येते, कामही संपतं. पण त्यांच्या मधले साधे दिवस कोरडेच जातात. हा लेख त्या मधल्या दिवसांसाठी आहे. रोजच्या धबडग्यात जी बारीकसारीक सुखं आधीच पडून असतात ती ओळखायची कशी, त्यांना वेळ कुठून काढायचा, ती शिळी होऊ नयेत म्हणून काय करायचं आणि मन अगदीच बसलेलं असेल त्या दिवशी यातलं काय उपयोगी पडतं, हे एकेक करून बघू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नवी सुखं शोधत फिरण्याआधी जी रोज घडतात ती पदरात पाडून घ्यावीत. ती घडत असतात, पण आपण तिथे नसतो. अंगावर छान ऊन पडलेलं असतं आणि डोक्यात उद्याची मीटिंग चालू असते. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं होतं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. आणि मन भरकटलेलं असताना लोक कमी आनंदी होते.

आणखी एक निष्कर्ष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. माणूस एकंदरीत किती सुखी आहे हे त्याचे आनंद किती उत्कट असतात यापेक्षा ते किती वेळा येतात यावर जास्त ठरतं, असं एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलं. म्हणून पुढे कुठेही भारावून जाण्याचा आग्रह नाही. थोडंसं बरं वाटलं, पण दिवसातून चारदा वाटलं, तरी पुष्कळ झालं.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं टिपत राहा

खिशात मावेल अशी एक छोटी वही घ्या. फोनमध्येही लिहिता येतं, पण फोन उघडला की त्यातलं बाकीचं सगळं समोर येतं आणि टिपायचंच राहून जातं, म्हणून मी वहीच सुचवेन. मन क्षणभर जरी सुखावलं तरी ते कशानं, कुठे आणि किती वाजता, एवढं एका ओळीत लिहायचं. आठवडाभर दुसरं काही करायचं नाही. दिवस सुधारायचा प्रयत्नही नको.

नोंद जितकी बारीक तितकी ती पुढे कामाला येते. "सकाळ छान गेली" असं लिहिलंत तर त्यातून हाती काही लागत नाही. "आंघोळ करून आल्यावर ओल्या मानेला खिडकीतलं वारं लागलं" असं लिहिलंत तर सुख कशात होतं ते कळतं: गारव्यात, आणि तो अचानक लागण्यात. मग तेच सुख दुपारी तीन वाजता, काम करून डोकं तापलेलं असताना, मानेवरून ओला हात फिरवून खिडकीशी उभं राहिलं तरी मिळतं. नोंदीचा उपयोग असा होतो.

आणखी काही नोंदी कशा असू शकतील बघा. बूट काढल्यावर पायाची बोटं मोकळी झाली. कोऱ्या वहीचं पहिलं पान. दोन दिवस सापडत नसलेली किल्ली जुन्या पिशवीच्या तळाशी मिळाली. जिन्यात कुणाच्या तरी तान्ह्या मुलानं बोट घट्ट धरलं. ओटा पुसून कोरडा केला आणि दिवा मालवला. उन्हात वाळलेल्या चादरीवर पहिल्यांदा अंग टाकलं. यातलं काहीच कुणाला फोटो काढून पाठवण्यासारखं नाही, आणि तेच बरं आहे. दुसऱ्याला सांगायला शोभेल असं काहीतरी टिपायचा मोह झाला तर तो आवरा, कारण ती नोंद मग तुमची राहत नाही.

पहिले एक-दोन दिवस वही रिकामीच राहण्याची शक्यता आहे. तसं झालं तर रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवस उलटा आठवा: आत्ता पडलोय, त्याआधी दात घासले, त्याआधी दार लावलं, असं मागे मागे सकाळपर्यंत जा. सरळ क्रमानं आठवताना आपण ठळक घटनांवरून उड्या मारत जातो. उलटं जाताना प्रत्येक पायरीवर थांबावं लागतं आणि मधली बारीक गोष्ट सापडते.

हे टिपण म्हणजे फावल्या वेळचा चाळा नव्हे. पीटर ल्युइनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात नैराश्याच्या उपचारासाठी सुखद प्रसंगांची ३२० कलमांची यादी सहकाऱ्याबरोबर तयार केली होती. दिवसात असे प्रसंग किती घडले आणि त्या दिवशी मन कसं होतं, यांचा एकमेकांशी संबंध असल्याचं त्यांना दिसलं होतं. आपल्याला ३२० कलमं नकोत. स्वतःची वीस-पंचवीस सापडली तरी वर्षभर पुरतात.

दुसरी पायरी: यादी चाळून घ्या

आठवड्यानं वही घेऊन बसा आणि प्रत्येक नोंदीपुढे एका प्रश्नाचं उत्तर लिहा: हे संपल्यावर मला कसं वाटलं?

हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं आणि ती खरोखर आवडणं या मेंदूच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंट बेरिज या मेंदूशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून हा फरक दाखवला. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः ओढीशी असतो, गोडीशी तितकासा नसतो. फोनवर एकामागून एक व्हिडिओ बघताना हे चांगलं अनुभवायला येतं: पुढचा बघावासा वाटतो, बघितल्यावर फारसं काही वाटत नाही, तरी बोट पुढे सरकतंच. अर्ध्या तासानं मान वर केल्यावर मन जड झालेलं असेल तर ती गोष्ट सुखांच्या यादीतून काढून टाका. ती करायची नाही असं नाही. तिच्याकडून मन हलकं होण्याची अपेक्षा ठेवू नका, इतकंच.

उरलेल्या नोंदींचे दोन भाग होतील. काही तुमच्या हातातल्या: पाय गरम पाण्यात सोडून बसणं, कपाट आवरणं, एखादं गाणं. काही आपसूक घडणाऱ्या: कुणाचं हसू, ढगांमागून पडलेलं ऊन, रस्त्यात भेटलेलं कुत्रं. दुसऱ्या प्रकारची सुखं ठरवून आणता येत नाहीत, पण ज्या ठिकाणी ती भेटतात तिथे जास्त वेळा जाता येतं. बहुतेकांच्या वहीत ही ठिकाणं ठरलेली निघतात, एखादी खिडकी, घरी परतायचा एखादा रस्ता.

तिसरी पायरी: पाचही इंद्रियांना कामाला लावा

यादी नीट बघितलीत तर ती एखाद-दुसऱ्या इंद्रियाकडे झुकलेली दिसेल. बहुधा खाण्याकडे आणि बघण्याकडे. ज्या इंद्रियाच्या नावावर काहीच नाही तिथे भर घालायची.

वासापासून सुरुवात करा, कारण तिथे सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त मिळतं. बाकीच्या संवेदना आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या केंद्रातून जातात. वासाचा निरोप मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोचतो. म्हणून एखाद्या वासानं आपण विचार करायच्या आत कुठल्या तरी जुन्या जागी जाऊन पोचतो. कोरड्या जमिनीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाचंच बघा. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्याच्यावर संशोधन प्रसिद्ध केलं. कोरड्या दिवसांत झाडापाल्यातली तेलं माती-दगडांत मुरलेली असतात, आणि मातीतले जीवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, जे आपल्या नाकाला अत्यल्प प्रमाणातही कळतं. थेंब पडल्यावर नेमकं काय होतं ते २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं. सच्छिद्र जमिनीवर थेंब आपटला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते थेंबातून वर येऊन फुटतात आणि सूक्ष्म तुषार हवेत उडतात. हलक्या आणि मध्यम सरीत हे जास्त होतं, धो धो पावसात कमी. तेव्हा वास घ्यायचा तर पहिले टपोरे थेंब पडायला लागताच दारात या, पाऊस चांगला धरेपर्यंत थांबू नका. पावसाळा नसेल तर सुकलेल्या मातीच्या कुंडीवर बोटांनी थोडं पाणी शिंपडा आणि लगेच जवळ जाऊन श्वास घ्या.

नाक पटकन सरावतं. एकच वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो, म्हणून दोन-तीन श्वास घेऊन बाजूला व्हायचं आणि थोड्या वेळानं परत यायचं. आणि एखादा साबण किंवा सुगंध फक्त निवांत दिवसांसाठी राखून ठेवा. काही महिन्यांनी तो वासच त्या निवांतपणाची आठवण घेऊन येईल.

गाणं ऐकताना अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवतं, हे माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं. त्यात मला सगळ्यात लोभस वाटतं ते असं की, आवडती जागा येण्याच्या आधी, ती आता येणार या अपेक्षेनं, मेंदूचा एक भाग उजळतो आणि ती जागा आल्यावर दुसरा. म्हणजे वाट बघणं हा त्या सुखाचाच भाग आहे. त्यामुळे गाणं पुढे सरकवून थेट आवडत्या ओळीवर जाऊ नका. दिवसातून एकच गाणं ऐका, पण पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, डोळे मिटून, हातात दुसरं काहीही न घेता.

स्पर्शाबद्दल थोडं. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे तळहात सोडून हाताच्या बाकीच्या भागातही, असे मज्जातंतू असतात जे सावकाश कुरवाळण्याला सगळ्यात चांगला प्रतिसाद देतात, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगानं. कोपरापासून मनगटापर्यंत हात फिरवायला पाच सेकंद घेतलेत तर वेग बरोबर त्यात बसतो. हाताला क्रीम लावताना आपण ते दोन सेकंदांत चोळून मोकळे होतो. तेच हळू करा. वेळ काही सेकंदच जास्त लागतो.

उजेडाचं अगदी थोडक्यात सांगते. प्रकाश लक्स या एककात मोजतात. घरात दिव्याखाली तो काहीशे लक्स असतो, ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार, आणि भर उन्हात लाखाच्या आसपास. डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही, पण शरीराच्या घड्याळाला जाणवतो. सकाळी दहा मिनिटं बाहेर उभं राहणं एवढ्यासाठी यादीत असावंच.

बघण्याच्या सुखासाठी झाड दिसेल अशी जागा निवडा. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणाऱ्या रुग्णांना भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी सोडलं होतं आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली होती. अभ्यास लहान होता, एकूण ४६ रुग्णांचा. पण बसायची खुर्ची खिडकीकडे वळवायला काही लागत नाही.

चौथी पायरी: दिवसात जागा ठरवून द्या

"वेळ मिळाला की करू" म्हटलं की ते होत नाही. यादीतली तीन-चार सुखं निवडा आणि रोज घडणाऱ्या एकेका गोष्टीला बांधून टाका. पाणी उकळायला ठेवलं की खिडकीशी. घरी येऊन बूट काढले की दोन मिनिटं नुसतं बसणं. जेवण झालं की एक गाणं. घड्याळाची वेळ ठरवण्यापेक्षा हे सोपं जातं, कारण आठवण करून देणारी गोष्ट आपोआप घडतेच.

यातलं एक तरी तुमच्या सगळ्यात वाईट तासाला द्या. प्रत्येकाचा एक तास ठरलेला असतो. कुणाची दुपार जड जाते, कुणाला संध्याकाळी दिवे लागताना कसंतरी होतं. वहीतल्या वेळा बघितल्यात तर जिथे एकही नोंद नाही तो तास चटकन दिसेल.

तयारी आदल्या रात्री करून ठेवा. पुस्तक उशीशी, चालायचे बूट दाराशी, कुंडीजवळ पाण्याचं भांडं. थकलेला माणूस कपाट उघडून शोधत नाही.

एक गोष्ट मात्र मी अगदी आग्रहानं सांगेन: या सुखांना बक्षीस करू नका. "हे काम संपलं तरच गाणं" असं ठरवलं की काम रखडलेल्या दिवशी, म्हणजे गरज सगळ्यात जास्त असते त्या दिवशी, तेच हातचं जातं. वर स्वतःवर रुसवा राहतो तो वेगळाच. पाणी प्यायला आपण कुणाची परवानगी मागत नाही. ही पाच मिनिटंही त्याच खात्यात टाका.

पाचवी पायरी: सुख भोगायला शिका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हिचीच सगळ्यात जास्त हेळसांड होते. फ्रेड ब्रायंट या मानसशास्त्रज्ञांनी सुखाचा आस्वाद घेण्याच्या क्षमतेवर दीर्घकाळ काम केलं आहे. त्यांच्या मांडणीत या आस्वादाचे तीन काळ आहेत: आधी त्याची वाट बघणं, चालू असताना त्यात असणं आणि नंतर ते आठवणं. आपण बहुतेक वेळा तिन्ही सोडून देतो.

सरावासाठी एक कपभर गरम पेय घ्या, तुम्हाला आवडेल ते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उपडा करून टेबलावर ठेवलेला फोन अर्धं लक्ष खातोच. कप दोन्ही हातांनी धरा आणि आधी फक्त हाताला लागणारी ऊब बघा. बोटांना जास्त लागते की तळव्याला? मग कप तोंडाजवळ आणा, पण लगेच पिऊ नका. वाफ नाकाला, वरच्या ओठाला लागेल. पहिला घोट छोटा घ्या आणि जिभेवर क्षणभर थांबवा, कारण चव कळण्यात नाकाचा वाटा मोठा असतो आणि गिळताना घशामागून वर जाणारा वास बऱ्याचदा पहिल्या चवीपेक्षा वेगळा लागतो. दुसरा घोट घेण्याआधी कप खाली ठेवा. हातात धरून ठेवला की आपण नकळत एकामागून एक घोट घेत सुटतो. तिसऱ्या-चौथ्या घोटाला मन निसटेल, कुणाला तरी फोन करायचा राहिलाय हे आठवेल. ते जवळच्या कागदावर एका शब्दात लिहून टाका आणि परत या. कप संपेपर्यंत दहादा परत यावं लागलं तरी हरकत नाही, सराव म्हणजे ते परत येणंच.

सगळा कप असा प्यायचा नाही म्हटलंत तरी चालेल. पहिले तीन घोट तेवढे असे घ्या.

वाट बघण्यासाठी एक सोपी युक्ती: संध्याकाळच्या एखाद्या सुखाचं नाव सकाळीच वहीत लिहा. आठवण्यासाठी रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहा. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हा प्रयोग केला होता. फक्त एक आठवडा असं लिहिलेल्यांना सहा महिन्यांनंतरही फरक जाणवत होता, विशेषतः ज्यांनी लिहिणं स्वखुशीनं पुढे चालू ठेवलं त्यांना. "का" हा भाग गाळू नका. कारण लिहिताना लक्षात येतं की त्यातल्या कितीतरी गोष्टी कुणीतरी आपल्यासाठी केल्या होत्या, किंवा आपणच.

साध्या दिवसाच्या नोंदी जपूनही ठेवा. टिंग झँग आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की आज क्षुल्लक वाटणाऱ्या नोंदी काही महिन्यांनी वाचताना किती आवडतील याचा अंदाज लोक फार कमी धरतात, आणि साध्या दिवसांच्या बाबतीत तो जास्त चुकतो. सणासुदीच्या दिवसाचं काय काय झालं ते आपल्याला तसंही आठवत असतं.

सहावी पायरी: सुख शिळं होऊ देऊ नका

काहीही रोज मिळालं की त्याची गोडी कमी होते. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरीत मोठं बक्षीस लागलेल्या २२ जणांना विचारलं, तेव्हा मित्राशी गप्पा, सकाळचं खाणं, एखादा विनोद अशा साध्या गोष्टींतून त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद मिळत असल्याचं दिसलं. मोठ्या घबाडानं लहान सुखं फिकी पडली होती. लहान सुखं एकमेकांनाही तशीच फिकी पाडू शकतात, विशेषतः एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली तर.

त्यावर तीन उपाय आहेत. पहिला, मध्ये खंड पाडा. लीफ नेल्सन आणि टॉम मेव्हिस यांनी २००८ मध्ये दाखवलं की मालिश चालू असताना मध्येच थोडा विराम घेतला तर एकूण अनुभव जास्त सुखाचा वाटतो, जरी आधी विचारलं तर लोक सलगच हवं म्हणतात. पुस्तक रंगात आलं असताना मिटून जरा चक्कर मारून यायला जिवावर येतं, पण परत आल्यावर ते नव्यानं लागतं. हा उपाय फक्त सुखाच्या गोष्टींना लावायचा. कंटाळवाणं काम मात्र एका दमात उरकावं, खंड पाडला तर ते पुन्हा नव्यानं टोचतं.

दुसरा उपाय म्हणजे आठवडाभर सोडून द्या. जॉर्डी क्वाडबाक आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१३च्या प्रयोगात काहींनी आठवडाभर चॉकलेट बंद केलं, काहींना हवं तितकं खायची मुभा होती. आठवड्यानं दोघांनाही चॉकलेट दिलं तेव्हा बंद केलेल्यांना ते जास्त आवडलं. यादीतली जी गोष्ट तुम्ही आता यंत्रासारखी करता तिच्यावर हे करून बघा.

तिसरा अगदी साधा: ऋतू बदलला की यादीतल्या चार गोष्टी बदला.

सातवी पायरी: माणसं

अनेकांच्या यादीत माणसं जवळजवळ नसतात, कारण माणसांत मिसळणं म्हणजे वेळ काढणं, ठरवणं, भेटणं असं वाटतं. मी इथे दोन मिनिटांच्या गाठीभेटींबद्दल बोलतेय. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये शिकागोत रोज रेल्वेनं जाणाऱ्या लोकांवर प्रयोग केला. काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. प्रवास गप्प बसूनच बरा जाईल असा लोकांचा अंदाज होता; प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त आनंदात गेला. लाजऱ्या माणसांनीही एवढ्यापासून सुरुवात करावी: ज्याच्याकडून रोज काही घेता त्याला नावानं हाक मारा, किंवा लिफ्टमध्ये हवेबद्दल एक वाक्य बोला.

दुसरी गोष्ट आभाराच्या पत्राची. कुणी कधी काय केलं होतं हे नेमकं सांगणाऱ्या चार ओळी लिहून पाठवा. अमित कुमार आणि एपली यांनी २०१८ मध्ये दाखवलं की असं पत्र पाठवताना समोरच्याला अवघडल्यासारखं होईल ही भीती लोक अवाच्या सवा धरतात, आणि त्याला किती आनंद होईल हे मात्र फार कमी. शब्द नीट जुळत नाहीत म्हणून अडून राहू नका. वाचणारा शब्दांकडे बघत नाही, आपली आठवण ठेवली याकडे बघतो.

जिथे गाडी अडते

बऱ्याच जणांचं पहिले पंधरा दिवस छान चालतं आणि मग सगळं यांत्रिक होतं. याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे सतत मोजमाप करणं. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की आनंदी असणं हेच फार महत्त्वाचं ध्येय करून बसलेल्या लोकांना चांगल्या प्रसंगीही कमी आनंद होतो, कारण "आत्ता जितका व्हायला हवा तितका होत नाहीये" ही तुलना आत चालू राहते. म्हणून सुख चालू असताना स्वतःला गुण देऊ नका. लक्ष ऊबेवर, वासावर, सुरावर ठेवा; स्वतःवर नको. वहीतही किती बरं वाटलं याचे आकडे लिहू नका, काय घडलं तेवढं लिहा. एखाद्या दिवशी काहीच वाटलं नाही तर पुढच्या गोष्टीकडे वळा.

मन अगदीच बसलेलं असतं त्या दिवशी

अशा दिवशी यादी बघून "यातलं काहीच नको" असं वाटणं स्वाभाविक आहे. इच्छेची वाट बघत बसू नका. नैराश्याच्या उपचारात हाच क्रम वापरतात, आधी कृती आणि मग मनःस्थिती. नील जेकबसन यांच्या १९९६च्या अभ्यासात कृतीवर भर देणारा उपचाराचा हा एक भागच संपूर्ण उपचाराइतका गुणकारी ठरला होता.

चांगल्या दिवशीच एका कार्डावर पाच गोष्टी लिहून ठेवा, कारण वाईट दिवशी सुचत नाही. त्या इतक्या सोप्या हव्यात की नको म्हणायलाही जड जावं. क्रम असा ठेवा: आधी शरीर, मग हात, मग माणूस. तोंडावर गार पाणी मारा आणि दाराबाहेर पाच मिनिटं उजेडात उभं राहा. मग हाताला छोटं काम द्या, एकच खण आवरा, चार भांडी धुवा, कुंडीतली वाळलेली पानं काढा. सुरुवात आणि शेवट डोळ्यांना दिसेल असं काहीतरी. त्यानंतर एका माणसाला एक ओळ पाठवा, स्वतःचं दुःख सांगायलाच हवं असं नाही. यानं दिवस पालटेलच असं मी म्हणणार नाही. थोडी हालचाल झाली, एवढं त्या दिवसापुरतं खूप आहे.

पण दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, किंवा आधी आवडणाऱ्या कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर हा लेख पुरेसा नाही. ती नैराश्याची लक्षणं असू शकतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर त्याच दिवशी जा, आणि तोपर्यंत कुणाला तरी सोबतीला बोलावून घ्या. जाताना ती छोटी वही बरोबर न्या. कुठल्या तारखेपासून पानं कोरी राहायला लागली, कुठल्या गोष्टी यादीतून एकेक करून गळत गेल्या, हे त्यात तारीखवार सापडेल. समोर बसल्यावर जे शब्दांत सांगता येत नाही ते डॉक्टरांना त्या पानांवरून विचारता येईल.